दुसऱ्याची झोप

अँटिग्वा सोडून तीन दिवस झाले तरी मला झोप लागत नव्हती. अंग पार आंबून गेलं होतं. खाऱ्या पाण्याने बोटं सुजून मूठ मिटत नव्हती, डोळे चुरचुरत होते. झोपायची जागा म्हणजे कार्बनच्या दोन नळ्यांवर ताणलेलं दोनेक फूट रुंदीचं कापड. कानापासून वीतभर अंतरावर बोटीची भिंत आणि भिंतीपलीकडे १८-२० नॉटच्या, म्हणजे ताशी पस्तीसेक किलोमीटरच्या वेगाने मागे पळणारा अटलांटिक. पत्र्याच्या पडवीवर मृगाची पहिली सर कोसळावी तसा तो आवाज. पण ही सर ओसरत नाही. मधूनच एखादी लाट खालून अशी आदळते की दातांवर दात आपटतात.

पहिल्याच दिवशी कप्तानाने आम्हाला कसं झोपायचं ते शिकवलं होतं. पाय नाळेकडे, डोकं मागे. बोट कशावर आपटून एकदम थांबली तर अंग पुढे फेकलं जातं. अशा वेळी पुढच्या भिंतीवर पाय आपटावेत, डोकं आपटू नये. हे आठवत आडवं व्हायचं आणि झोप लागण्याची वाट बघायची. मी पडल्या पडल्या वरच्या आवाजांचा माग काढत राहायचो. ही दोरी ओढायची विंच करकरली, हे शीड फडफडलं, आता वारा वाढला, मग वरचा माणूस करतोय काय? चार तासांची झोप अशीच चौकशी करण्यात निघून जायची.

आमची बोट ७० फुटी ट्रायमरान, शर्यतीसाठी बांधलेली. लांबी २१ मीटर, रुंदी जवळजवळ १७ मीटर, डोलकाठी २९ मीटर उंच. नऊ-दहा मजली इमारतीएवढी ही डोलकाठी धरून सगळ्या बोटीचं वजन सहा टनांच्या आसपास. आमच्याकडे जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक याहून जड असतो. मध्ये एक अरुंद होडी, दोन्ही अंगांना दोन लांबट तरंगे, त्यांना जोडणाऱ्या दोन बाकदार तुळया आणि मधल्या मोकळ्या जागेत ताणून बांधलेली जाळी. राहायचं फक्त मधल्या होडीच्या पोटात, आणि तिथे ताठ उभं राहता येत नाही. चार माणसं, एक लहानशी शेगडी, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, शिडांच्या ओल्या पिशव्या आणि शौचासाठी एक बादली. एवढाच संसार.

नेहमीच्या शिडाच्या बोटीला तळाशी शिशाचा जड कणा असतो. वाऱ्याने ती कितीही कलली तरी ते शिसं तिला परत उभं करतं. गोव्यात बांधलेल्या ज्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले आणि ज्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये पृथ्वीला फेरी घालून आल्या, त्या दोन्ही अशाच बोटी. ट्रायमरानला शिसं नसतं. तिचा सगळा तोल तिच्या रुंदीत. ओझं नाही म्हणून ती धावते, आणि ओझं नाही म्हणूनच एका मर्यादेपलीकडे कलली की पालथी होते. एकदा पालथी झाली की तशीच तरंगत राहते. त्यासाठी मधल्या होडीच्या कुशीला एक लहान झडप ठेवलेली असते, आतल्या माणसांना बाहेर पडायला. जीवरक्षक तराफा अशा जागी बांधतात की बोट सुलटी असो की पालथी, तो हाताला लागावा. तळाचा काही भाग भडक नारिंगी रंगवतात, वरून शोधणाऱ्या विमानाला दिसावा म्हणून. मी बोटीवर पाऊल ठेवलं त्या दिवशी कप्तानाने आधी ती झडप माझ्याकडून उघडून घेतली, बंद करून घेतली, आणि मग चहा दिला.

मी देवबागचा. मालवणच्या दक्षिणेला, एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मधल्या वाळूच्या पट्टीवर आमचं घर. माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे. आम्ही त्यांना ‘आजो’ म्हणायचो. जुन्या रापणीच्या होडीच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत आणि तिच्या एका बाजूला उलांडी असे. दोन वाकवलेले वासे होडीपासून बाहेर गेलेले आणि त्यांच्या टोकांना बांधलेला हलक्या लाकडाचा लांब ओंडका. होडी अरुंद असली तरी उलांडीमुळे ती पाण्यावर बसून राहते. तमिळमध्ये ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडं. जगाने ‘कॅटमरान’ हा शब्द तिथून उचलला आणि विसाव्या शतकात त्याच वळणावर ‘ट्रायमरान’ घडवला. लाखो युरो किमतीची ती कार्बनची बोट पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती परकी वाटली नाही. दोन्ही अंगांना उलांडी असलेली होडी, असंच मनात आलं.

दुपारी खारा वारा सुटला की आजो एक लहान शीड चढवायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. उलांडी वाऱ्याच्या अंगाला असली की झोताबरोबर उचलायची. मग ते मला आडव्या वाशावर सरकून बसायला सांगायचे. माझ्या वजनाने उलांडी पुन्हा पाण्याला टेकायची. शिडाची दोरी कधी कधी माझ्या हातात द्यायचे आणि दर वेळी तेच बजावायचे, “दोरी बांदू नको, झिला. हातात धर.” दोरी होडीला बांधून टाकली की हात मोकळे होतात हे मला कळत होतं. झोत आल्यावर गाठ सोडायला सवड मिळत नाही, मूठ मात्र नुसती उघडायची असते, हेही त्यांनी करून दाखवलं होतं. तरी ते मला पुरतं समजायला पंचवीस वर्षं आणि अर्धा अटलांटिक लागला.

शाळा संपल्यावर मी गोव्यात बोटी बांधणाऱ्या एका यार्डात फायबर आणि रेझिनचं काम शिकलो. तिथून पर्यटकांच्या बोटींवर आणि पुढे रिगर म्हणून कॅरिबियन बेटांवर गेलो. रिगर म्हणजे डोलकाठी, तिला धरणाऱ्या तारा, दोऱ्या आणि कप्प्या यांची निगा राखणारा माणूस. अँटिग्वाहून दर फेब्रुवारीत ‘कॅरिबियन ६००’ ही ६०० मैलांची शर्यत सुटते. त्या हंगामानंतर, वादळांचे महिने लागण्याआधी, शर्यतीच्या बोटी युरोपात परत न्यायच्या असतात. शर्यत जिंकणारे विमानाने जातात; बोट नेऊन पोचवणारे आम्ही वेगळे. कप्तान फ्रान्समधल्या ब्रिटनीचा, पंचावन्नच्या आसपासचा. एक स्पॅनिश इंजिनिअर मुलगी, इंग्लंडच्या कॉर्नवॉलचा एक पोरगा, आणि मी. आधी अझोरेस बेटांवरचं ओर्ता, सुमारे २२०० सागरी मैल. तिथून फ्रान्सच्या लोरियाँ बंदरापर्यंत आणखी १२०० च्या आसपास. कामाचं वर्णन एका ओळीचं होतं, बोट आहे तशी पोचवायची.

आमचा दिवस आठ तासांचा होता. दोन तास स्टँडबाय, म्हणजे पूर्ण कपडे चढवून, हार्नेस बांधून, हाक आली की उठायच्या तयारीने पडायचं. दोन तास वॉच, म्हणजे वर पहारा. मग चार तास झोप. असे तीन फेरे झाले की चोवीस तास. मला रोज पहाटे दोन ते चार, सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी सहा ते आठ अशी वॉच होती. माझ्या आधी कप्तान, माझ्यानंतर स्पॅनिश मुलगी. म्हणजे मी रात्री वर असायचो तेव्हा कप्तानाची झोपायची वेळ. तो दारालगतच्या बंकवर पडायचा आणि बूट काढत नसे. समुद्री बूट आतून ओले राहिले की पाय कुजतात, हे आम्हाला त्यानेच सांगितलं होतं. तरी पहिल्या दिवसापासून तो बूट घालूनच झोपायचा.

सकाळच्या वॉचला मी फेरी मारायचो. सेफ्टी लाइन अडकवून आधी नाळेपर्यंत, मग जाळीवरून रांगत उजव्या तरंग्याकडे, परत येऊन डाव्या. पोटाखाली अर्ध्या पुरुषावर समुद्र धावत असतो आणि जाळीच्या भोकांतून अंगावर उडत असतो. प्रत्येक शॅकलची, म्हणजे जोडकडीची, पिन बोटाने चाचपायची, जाळीची बांधणी पाहायची, दोरी कप्पीतून वळते तिथे कवच झिजलं आहे का ते बघायचं. पाचव्या दिवशी मेनसेलच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या, शीटचं, म्हणजे ते आवरणाऱ्या दोरीचं, कवच एका जागी केसाळ झालेलं सापडलं. आतला गाभा शाबूत होता. मी तेवढा भाग पुढे सरकवून घेतला आणि झिजलेल्या जागेवर सुई-दोऱ्याने नवं कवच शिवलं. दीड तास लागला. काथ्याने फळ्या शिवताना आजोंचं बोट सुईमागे जसं अडत अडत जायचं, तसंच माझं जात होतं.

त्याच सुमाराला सरगासम लागलं. हे पिवळसर तपकिरी शेवाळ समुद्रावर तरंगतं. २०११ पासून त्याचे लोंढे कॅरिबियनमध्ये फार वाढले आहेत. कुठे ताटाएवढे पुंजके, कुठे शेतासारखे लांबलचक पट्टे. ते सुकाणवाच्या पात्याला गुंडाळलं की आधी बोट थरथरते, मग ऑटोपायलट धापा टाकू लागतो. अशा वेळी शीड वाऱ्यात मोकळं सोडून बोट थांबवायची, मागे रेटायची, लांब काठीने शेवाळ काढायचं आणि पुन्हा निघायचं. एका दिवसात आम्ही हे अकरा वेळा केलं. कॉर्नवॉलचा पोरगा वैतागला. कप्तान म्हणाला, “थांबायला लाजायचं नाही. न थांबणाऱ्या बोटीच तुटतात.”

खाणं म्हणजे पाकिटातला वाळवलेला भात किंवा शेवया आणि त्यावर उकळतं पाणी. पाचव्या घासाला सगळ्याची चव एकच लागते. मी बरोबर मेतकुटाची पुडी नेली होती. भातावर चमचाभर भुरभुरलं की वास उठायचा आणि स्पॅनिश मुलगी झोपेतून हात पुढे करायची. पुडी ओर्ता येण्याआधीच संपली. बसायच्या जागी खाऱ्या पाण्याने पुळ्या उठतात, त्यांना रोज गोड्या पाण्याचं फडकं आणि पावडर. डोक्यावर हेल्मेट, कारण लाट बसली की माणूस कुठे जाऊन आपटेल याचा नेम नसतो. या सगळ्याची सवय होते. झोपेची होत नव्हती.

रात्रीच्या वॉचला सुकाणू ऑटोपायलटकडे असे, शीट मात्र माणसाकडे. मेनसेलची ही दोरी विंचवर तीन-चार वेढे घेऊन हातात येते. ट्रायमरान वाऱ्याहून वेगाने जाऊ शकते. स्कूटर जोरात चालवताना वारा समोरूनच लागतो, तसा तिच्या शिडालाही वारा पुढूनच लागतो, आणि वेगाबरोबर वाढत जातो. वाऱ्याकडे तोंड करून चालली असताना झोत आला तर आणखी वाऱ्याकडे वळवून जोर उतरवता येतो. वारा मागून असेल तर वाऱ्याबरोबर खाली वळायचं. पण वारा बरोबर कुशीवर असेल तर कुठेही वळलं तरी वळता वळता जोर आधी वाढतो. तेव्हा शीट सोडणं हा एकच उपाय उरतो. त्यामुळे वॉच बदलताना आमचा एक रिवाज होता. येणारा दहा मिनिटं आधी वर येऊन डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसायचा. मग शीट हातातून हातात. देणारा विचारायचा, “घेतली?” “घेतली” असं ऐकू आल्याखेरीज तो मूठ उघडायचा नाही.

सहाव्या रात्री वारा दक्षिणेचा होता, १६ नॉट, बरोबर उजव्या कुशीवर. पावणेतीनच्या सुमाराला उजव्या क्षितिजावरून तारे पुसत एक काळी पट्टी वर येताना मी पाहिली. असा ढग दिसला की स्टँडबायला उठवायचं आणि शीड आधीच कमी करायचं, हा कप्तानाचा नियम. मी स्वतःशी म्हटलं, मागून निघून जाईल. पोरीचा आत्ता कुठे डोळा लागला आहे, तिला कशाला उठवायचं? दया म्हणून मी तो नियम मोडला; खरं तर तो आळस होता. मग गार थेंब पडायला लागले. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढायला दोन हात लागतात. विंचच्या माथ्यावर दोरी पकडून ठेवणारे दात असतात. मी शीट त्या दातांत दाबून बसवली. चेन ओढायला कितीसा वेळ लागतो?

चेन छातीपर्यंत आली आणि वारा आला. पाटीवरचा आकडा १६ वरून ३१ वर गेलेला मी बघितला. बोटीने एकदम वेग घेतला, सुकाणवाने बारीक शीळ घातली, आणि माझ्या पायाखालचा डेक वर उचलला जाऊ लागला. मधल्या होडीने पाणी सोडलं की सहा दिवस कानात भरलेला तो आवाज एकाएकी थांबतो. ती शांतता अजून माझ्या अंगात आहे. डाव्या तरंग्याचं नाक पाण्यात घुसलं होतं. हेडलँपच्या उजेडात तिथे नुसता पांढरा फेस दिसत होता. मी दोरीवर झडप घातली. ताणाखाली असलेली दोरी दातांतून सुखासुखी निघत नाही. एक हिसका, दुसरा हिसका, तिसऱ्याला सुटली. ती सरसरत धावली, शीड कडाडलं, आणि बोट धाडकन पुन्हा पाण्यावर बसली.

वळून बघतो तर कप्तान माझ्या खांद्याशी उभा. अंगात बनियन, पायात बूट. मी तिसरा हिसका देईपर्यंत तो बंकवरून वर पोचला होता.

तो ओरडला नाही. एवढंच विचारलं, “हातात होती?”

“नव्हती.”

आम्ही चौघांनी मिळून शीड दोन टप्पे खाली घेतलं. स्पॅनिश मुलगी बंकवरून पुढे फेकली गेली होती. तिचे पाय भिंतीवर आपटले होते, घोटा सुजला होता. डोकं शाबूत होतं. पाऊस थांबला, वारा उतरला, दोघं पुन्हा आडवी झाली. कप्तान मात्र उरलेली वॉच माझ्याशेजारी बसून राहिला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी दोन बोटी उलटलेल्या बघितल्यात. उलटताना एकही बघितली नाही. दोन्ही वेळा मी झोपेत होतो.”

त्याच्या बुटांचा अर्थ मला तेव्हा लागला. मी तोवर झोपेचा विचार माझ्याच बाजूने करत होतो, मला झोप येत नाही, माझं अंग दुखतं, वरचा माणूस काय करतोय. रोज सहा तास तो वरचा माणूस मीच असतो आणि खाली तीन जण माझ्या मुठीच्या भरवशावर डोळे मिटतात, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी मी दोघांना जसं घडलं तसं सांगितलं. ढग दिसला होता, उठवलं नाही, दोरी दातांत अडकवली. मुलीने घोट्याला पट्टी बांधता बांधता ऐकलं आणि ती म्हणाली, “पुढच्या वेळी मला उठव. मी चिडले तरी उठव.” दहाच्या वॉचला मी लाल चिकटपट्टी घेतली आणि मेनशीटच्या विंचचे दात गुंडाळून बंद करून टाकले. कप्तानाने येता-जाता बघितलं. बोलला काही नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी मला झोप लागली. वर कॉर्नवॉलचा पोरगा होता. झोपेत जाण्याआधी मला त्याचा घसा खाकरल्याचा आवाज आला, विंचवर वेढा फिरल्याचा आला, आणि पुढचं काही आठवत नाही. मला हलवून उठवावं लागलं.

ओर्ताला पोचलो त्या पहाटे समोर पिको बेटावरचा २३५१ मीटर उंचीचा डोंगर गुलाबी होत होता. ओर्ताच्या धक्क्याच्या भिंतींवर अटलांटिक ओलांडणाऱ्या खलाशांनी काढलेली शेकडो चित्रं आहेत. चित्र न काढता गेलेल्या बोटीला वाईट येतं, अशी तिथली समजूत. १९१८ पासून चालत आलेल्या ‘पीटर कॅफे स्पोर्ट’मध्ये बसून आम्ही हवामानाचे नकाशे पाहिले. बिस्केच्या उपसागरावर वादळ होतं. कप्तान म्हणाला, दोन दिवस थांबू.

पोरगा पुन्हा चुळबुळला तेव्हा कप्तानाने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली १९७८ ची. फ्रान्समधल्या सँ-मालोहून ग्वादलूप बेटापर्यंत ‘रूट द्यु रम’ ही एकट्या खलाशांची शर्यत त्या वर्षी पहिल्यांदा झाली. माइक बर्च नावाचा कॅनेडियन एका लहानशा पिवळ्या ट्रायमरानमधून निघाला आणि २३ दिवसांच्या प्रवासानंतर त्याच्या बोटीहून किती तरी लांब असलेल्या, बाजूला तरंगे नसलेल्या एका नेहमीच्या बोटीला त्याने ९८ सेकंदांनी हरवलं. समुद्रावरच्या वेगाची कल्पनाच त्या दिवशी बदलली. त्याच शर्यतीत अलँ कोला हा फ्रेंच खलाशी आपल्या ‘मानुरेव्हा’ या ट्रायमरानसह याच अझोरेसच्या बाजूला नाहीसा झाला. बोटही मिळाली नाही, माणूसही नाही. कप्तान म्हणाला, “लोक तुला बर्चची गोष्ट सांगतील. कोलाची तिच्याच पोटात आहे.”

दुसरी गोष्ट शार्ल कोद्रलिए या खलाशाची. २०२२ मध्ये हीच शर्यत त्याने ६ दिवस १९ तासांत जिंकली. २०२४ मध्ये १०० फुटांहून लांब अशा ट्रायमरानमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत होती. तीत सर्वांच्या पुढे असताना त्याने केप हॉर्नच्या अलीकडे वेग उतरवून वादळ पुढे जाऊ दिलं, आणि शेवटी घर जवळ आलं असताना याच ओर्ता बंदरात येऊन वाट बघत थांबला. ५० दिवस १९ तासांत शर्यत जिंकला तोच. पोरगा उठला आणि डिझेलचे कॅन भरायला गेला.

मी देवबागला फोन लावला. आईने पहिला प्रश्न विचारला, “जेवलंस?” वादळाचं किंवा माझ्या चुकीचं मी काही सांगितलं नाही. मेतकूट संपलं एवढं सांगितलं. मग धक्क्यावर जाऊन आम्ही आमचं चित्र काढलं. बोटीच्या नावाखाली प्रत्येकाने आपल्या घरचं काही तरी काढायचं ठरलं. मी उलांडीची होडी काढली. कप्तान बराच वेळ तिच्याकडे बघत होता. वासे कसे बांधतात, ओंडका कोणत्या बाजूला, शीड केव्हा चढवायचं, सगळं विचारलं. मी आजोंचं ते वाक्य त्याला सांगितलं. त्याने ते मालवणीतच दोनदा म्हणून घेतलं.

मालवण आणि अँटिग्वा साधारण एकाच अक्षांशावर आहेत, १६-१७ अंश उत्तर. त्यामुळे निघालो त्या रात्री ध्रुव अगदी घरच्यासारखा, क्षितिजापासून दीडेक मूठ वर होता. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. ओर्ताला तो चार मुठींच्या जवळ आला. लोरियाँच्या वाटेवर शेवटच्या रात्री मी मोजलं तर पाच मुठींना थोडा कमी. एवढा वर ध्रुव आजोंनी कधी पाहिला नसेल.

त्या रात्री वारा वायव्येचा, १५ नॉट, आभाळ स्वच्छ. पण जवळून मच्छिमार बोटींचे दिवे जात होते आणि मोठ्या जहाजांचा रस्ता ओलांडायचा होता. कप्तानासाठी ही झोपेची रात्र नव्हती. दोनला दहा कमी असताना मी वर जाऊन बसलो. त्याने दिवे दाखवले; हा सरळ चाललाय, त्याच्यावर नजर ठेव, हा दूर जातोय. मग शीट पुढे केली.

“घेतली?”

“घेतली.”

त्याने मूठ उघडली आणि खाली गेला. मी डोळे दिव्यांवर ठेवून होतो. खालून पट्ट्या सुटल्याचा आवाज आला. मग काही तरी जड फळीवर टेकल्याचा, आणि लगेच दुसरा तसाच. मी दाराकडे मान वळवली. बंकशेजारी त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि वर कापडाबाहेर पांढरे पडलेले दोन पाय दिसत होते. पंधरा दिवसांत मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

पुढचे दोन तास मी पाण्याच्या घोटालाही हात सोडला नाही. एकदा झोत २२ वर गेला, मी फूटभर दोरी दिली, परत घेतली. एका मच्छिमार बोटीला वळसा घातला. खाली कुणाची कूसही बदलल्याचं ऐकू आलं नाही. चारला दहा कमी असताना स्पॅनिश मुलगी वर आली, डोळे सरावेपर्यंत बसली, आणि मी शीट तिच्या हातात दिली.

बंककडे जायला कप्तानाचे बूट ओलांडावे लागत होते. मी स्वतःचे बूट दारातच काढून हातात घेतले, आणि पाय लागून आवाज होऊ नये म्हणून भिंतीला धरून हळूच पलीकडे गेलो.